आत्या, स्लेव्हला मराठीत काय लिहू?

परवा रविवारी दुपारी जेवण आटोपून जरा पाठ टेकावी म्हटलं, तर पुण्याहून भाच्याचा फोन. हा मुलगा एका कंपनीत सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळतो. एरवी त्याचा फोन म्हणजे "आत्या, बरी आहेस ना? गोळ्या घेतेस ना?" एवढंच. त्या दिवशी मात्र एकदम कामाचं बोलला.

"आत्या, तू अख्खं बी.ए. मराठीतून केलंस ना? मग सांग, मास्टर आणि स्लेव्हला मराठीत काय लिहू?"

झालं! झोप उडाली.

त्याचं असं आहे की तो सुटीच्या दिवशी पॉलिटेक्निकच्या काही मुलांना लिनक्स शिकवतो. बरीचशी मुलं मराठी शाळेतून आलेली. इंग्रजी माहितीपत्रक समोर ठेवलं की त्यांचे चेहरे कोरे होतात, म्हणून हा त्यांच्यासाठी मराठीत टिपणं लिहितोय. धडा होता नेटवर्क बाँडिंगचा. मी म्हटलं, शब्द नंतर सांगते, आधी ती वस्तू काय आहे ते मला कळू दे. वस्तू कळल्याशिवाय शब्द सांगायचा नाही, हा नियम मी चौतीस वर्षं वर्गात पाळला. (निदान तसा प्रयत्न केला.)

त्याने सांगितलं ते असं. मोठ्या सर्व्हरला एक नाही, दोन किंवा जास्त नेटवर्क कार्डं असतात. प्रत्येकाला वेगळी केबल. बाँडिंग म्हणजे ही सगळी कार्डं मिळून एकच कार्ड आहे असं बाहेरच्यांना भासवायचं. एक केबल उंदराने कुरतडली तरी दुसरी काम चालू ठेवते, आणि काही पद्धतींत दोघी मिळून भारही वाटून घेतात.

"म्हणजे एका जुवाला दोन बैल," मी म्हटलं.

"अगदी तसंच! फक्त आपल्याकडे एक बैल बसला तरी गाडी थांबत नाही."

आता या एकत्र केलेल्या, नावापुरत्या कार्डाला लिनक्समध्ये बहुधा बाँड-झिरो असं नाव असतं. जुन्या माहितीपत्रकात त्याला 'मास्टर' म्हटलंय आणि खऱ्याखुऱ्या कार्डांना 'स्लेव्ह'. इतकंच काय, एक कार्ड त्यात सामील करून घ्यायच्या जुन्या आज्ञेचं नावच 'इफएन्स्लेव्ह'. म्हणजे गुलाम करा!

मला एकदम आमच्या शाळेतला पहिला कॉम्प्युटर आठवला. त्याची दुरुस्ती करायला आलेल्या मुलाने डबा उघडला, तेव्हा आतल्या हार्ड डिस्कवर बारीक अक्षरांत 'मास्टर' आणि 'स्लेव्ह' लिहिलेलं होतं. एका पट्टीवर दोन डिस्क जोडल्या की एक मास्टर, एक स्लेव्ह, आणि कोण कोण ते ठरवायला एक इवलासा जंपर. तेव्हा मला त्यात काहीच खटकलं नव्हतं. इंग्रजी शब्द होता, यंत्राचा शब्द होता, मी वाचला आणि सोडून दिला.

पण आता मराठीत लिहायचं होतं. मी वही घेऊन बसले. मालक–गुलाम? छे. धनी–चाकर? जरा मवाळ झालं, पण तेच. मग सुचलं, मालक–गडी. आमच्याकडे सालगडी असतो ना, पाडव्याला ठरतो आणि पुढच्या पाडव्यापर्यंत एका शेतकऱ्याकडे राबतो. मुलांना चटकन कळेल! मी खूश होऊन फोन उचलला, आणि नंबर फिरवता फिरवता थांबले. त्या वर्गात एखाद्या सालगड्याचा मुलगा बसलेला असणार. नसेल कशावरून? माझ्या वर्गात तर दरवर्षी असायचे. 'मालक बंद पडला तरी गडी बदलता येत नाही' किंवा 'निकामी गडी काढून टाकावा' असलं वाक्य तो पोरगा फळ्यावरून वहीत उतरवून घेईल, आणि गुरुजी म्हणतील, अरे हे कार्डाबद्दल आहे.

गंमत बघा, इंग्रजीत होता तोवर शब्द बोचत नव्हता. परक्या भाषेतला शब्द आपल्याला नुसता आवाज म्हणून भेटतो. मराठीत आणला की तो कपडे उतरवून समोर उभा राहतो. म्हणून मला वाटतं, एखादा शब्द ठीक आहे की नाही हे ठरवायचं असेल तर तो आईच्या भाषेत आणून, ज्याला तो लागू शकतो त्याच्यासमोर मोठ्याने वाचून बघावा.

भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आत्या, हाच वाद आमच्याकडे कधीपासून चाललाय." मग त्याने इतिहासच सांगितला. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस परगण्याने २००३ मध्येच माल पुरवणाऱ्यांना कळवलं होतं की यंत्रांवर हे दोन शब्द नकोत. तेव्हा लोक हसले. पुढे २०१४ मध्ये जँगोने आणि २०१८ मध्ये पायथॉनने ते शब्द काढायला घेतले. २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड पोलिसांच्या हातून मारला गेला आणि त्यानंतर हा विषय सगळीकडेच निघाला. त्याच वर्षी जुलैमध्ये लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, लिहिण्याची जी नियमावली आहे तिच्यात भर पडली, लिनस टोर्वाल्ड्सच्या संमतीने. नव्या नावांत आणि नव्या माहितीपत्रकांत मास्टर–स्लेव्ह आणि ब्लॅकलिस्ट–व्हाइटलिस्ट टाळा. त्याऐवजी काय वापरता येईल याची यादीही दिली. मायएसक्यूएल या डेटाबेसने त्याच वर्षी स्लेव्हच्या जागी 'रेप्लिका' आणला.

"आणि तुमच्या कंपनीतले काय म्हणतात?" मी विचारलं.

"आमचे सीनियर म्हणतात, ही अमेरिकेची भांडणं आहेत. आपला काय संबंध? आणि कार्डाला थोडंच वाईट वाटतं?"

हे दोन्ही आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. कार्डाला वाईट वाटत नाही हे खरंच आहे. पण शब्द कार्ड वाचत नाही, माणूस वाचतो. आणि अमेरिकेचं भांडण म्हणाल, तर १८७३ साली जोतीराव फुल्यांनी जे पुस्तक लिहिलं त्याचं नाव काय होतं? 'गुलामगिरी'. आणि ते अर्पण कोणाला केलं? गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. तिथली गुलामी आणि इथली जात यांचं नातं पुण्यातल्या एका माणसाने दीडशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय. तेव्हा निदान मराठी माणसाने तरी 'आपला काय संबंध' असं म्हणू नये.

शिवाय मला तर वाटतं ती उपमाच चुकलेली आहे. भाच्याने सांगितलं की बाँड-झिरोला स्वतःचा असा खरा पत्ताही नसतो. नेहमीच्या मांडणीत जे कार्ड पहिलं सामील होतं, त्याचाच हार्डवेअरचा पत्ता हा 'मालक' उचलतो. सगळा भार कार्डांनी वाहायचा, पत्ताही कार्डाने द्यायचा, सगळी कार्डं काढली तर मालकाकडून एक अक्षरही पुढे जाणार नाही.. याला मालक म्हणायचं? (म्हणायचं म्हटलं तर म्हणता येईल म्हणा. असे मालक मी पाहिलेत!) पण मुलांना यंत्र समजावून द्यायचं तर हा शब्द उलट गोंधळच करतो.

मग बदलून टाका की! इथेच खरी अडचण आहे, आणि ती ऐकून मी फोनवर गप्प झाले.

भाचा म्हणाला, सर्व्हरवर एक फाइल असते, ती उघडली की बाँडिंगची स्थिती दिसते. त्यात प्रत्येक कार्डाच्या आधी 'स्लेव्ह इंटरफेस' असे शब्द छापून येतात. जगभरातल्या कितीतरी लोकांनी छोटे छोटे प्रोग्रॅम लिहून ठेवलेत, ते हेच शब्द शोधून कार्ड चालू आहे की बंद ते बघतात. उद्या तो शब्द बदलला तर त्या प्रोग्रॅमला काहीच सापडणार नाही. केबल तुटली तरी इशारा मिळणार नाही. २०२० मध्ये बाँडिंगमधले शब्द बदलायचे प्रस्ताव आले तेव्हा नेमका हाच मुद्दा निघाला. कर्नलच्या त्या नियमावलीतही म्हणूनच अपवाद ठेवलाय, की बाहेरचे प्रोग्रॅम ज्यावर विसंबून आहेत ते जपण्यासाठी जुना शब्द चालेल.

मी गप्प झाले, कारण हे मी आधी एकदा पाहिलेलं होतं. सर्व्हरवर नाही, शाळेच्या कपाटात.

आता जरा मागे जाते. १९८० च्या आसपासची गोष्ट. मी हिंगणघाटच्या बाजूच्या एका गावात शिकवत होते. सरकारकडून मोफत पुस्तकं आणि गणवेश आले की यादी करायची असायची. कोणाकोणाची नावं घालायची हे ठरवायला मी वर्गात सरळ म्हणायची, "महारपुऱ्यातली मुलं, हात वर करा." आमच्याकडे वस्तीला पुरा म्हणतात. सगळं गाव तेच नाव घेई, पोस्टमन घेई, ग्रामपंचायतीच्या कागदावरही तेच. मीही घेतलं. माझ्या मनात काही वाईट नव्हतं. उलट मुलांना कपडे मिळावेत हीच धडपड.

त्या पुऱ्यातली माणसं १९५६ मध्येच नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. स्वतःला बौद्ध म्हणत होती. म्हणजे गाव ज्या नावाने त्यांना हाक मारत होतं ते नाव त्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी खाली ठेवलं होतं. मी ते उचलून रोज त्यांच्या मुलांच्या हातात देत होते.

एका मुलाने हात वर केला नाही. हुशार मुलगा, पहिल्या बाकावरचा. मला वाटलं याला नको असेल, किंवा लक्ष नसेल. यादी गेली. त्या वर्षी त्याला गणवेश मिळाला नाही. दिवाळीनंतरही तो जुनाच, खांद्यावर विरलेला सदरा घालून यायचा. मी एकदा रागावलेही, की हात का नाही वर केलास? तो काही बोलला नाही. का नाही केला हे मला समजायला फार वर्षं लागली, आणि समजलं तेव्हा कोणापाशी बोलायची सोय नव्हती.

दोन वर्षांपूर्वी तो माझ्या दारात उभा राहिला. पन्नाशी ओलांडलेला, केस पिकलेले. मुलीला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळत होता आणि जातवैधता प्रमाणपत्र हवं होतं. ज्यांना हे करावं लागलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, घराण्यातल्या कोणाचा तरी पुरावा मिळाला तर काम सोपं होतं. आणि खेड्यातल्या गरीब माणसाकडे असा पुरावा कुठला असणार? शाळेचं दाखलखारीज रजिस्टर, दुसरं काय! आजोबा चार दिवस का होईना शाळेत गेले असतील तर तिथे नाव, जात, वस्ती लिहिलेली असते. बाईंना जुनी रजिस्टरं कुठे असतात ते माहीत असेल म्हणून तो आला होता.

आम्ही दोघं शाळेत गेलो. कपाट उघडून घेतलं. वाळवीने कडा खाल्लेलं ते रजिस्टर, निळसर काळ्या शाईतलं अक्षर. आजोबांचं नाव सापडलं. जातीच्या रकान्यात जात, पत्त्याच्या रकान्यात तेच नाव, जे मी वर्गात घ्यायची. तो कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत राहिला. मग हलकेच म्हणाला, "बाई, थो शब्द तेवढा खोडता येईन का?" आणि माझ्या तोंडून काही निघायच्या आत स्वतःच म्हणाला, "नाई, राहू द्या. खोडला तं पोरीचं काम अडन."

बरोबर होतं त्याचं. जुन्या रजिस्टरात खाडाखोड दिसली की समिती आधी संशय घेते. ज्या शब्दामुळे त्याने हात वर केला नव्हता, तोच शब्द, त्याच कागदावर, त्याच स्पेलिंगसकट, त्याच्या मुलीला हवा होता. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीत केंद्राच्या कायद्याने धरायला १९९० साल उजाडलं, हेही लक्षात घ्या. त्याच्या स्वतःच्या नोंदीत 'बौद्ध' आणि आजोबांच्या नोंदीत 'महार', या दोन ओळी एकाच घरातल्या आहेत हे दाखवायला मधली साखळी शाबूत लागते.

भाच्याचे ते प्रोग्रॅम आणि ही वैधता समिती, मला दोन्ही एकसारखेच वाटले. दोघंही जुना शब्द शोधतात. सापडला नाही तर माणूसच सापडत नाही.

मग शब्द बदलायचेच नाहीत का? माझं उत्तर आहे, बदलायचे. नक्की बदलायचे. आमच्या राज्याने ते केलंही आहे. डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने ठरवलं आणि शासन निर्णय निघाला, की वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं काढायची. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली, ही असली सगळी. त्याऐवजी समता नगर, भीम नगर, ज्योती नगर, शाहू नगर, क्रांती नगर अशी नावं सुचवली. योगायोग असा की लिनक्सवाल्यांचा निर्णय आणि आपला हा निर्णय एकाच वर्षातले. मला हा निर्णय मनापासून पटला. नव्या मुलाचा दाखला लिहिताना आजच्या बाईला तो जुना शब्द लिहावा लागणार नाही, हे थोडं नाही.

पण नाव बदलताना दोन गोष्टींची काळजी घ्यावी असं मला वाटतं. आणि वर्ध्यात राहणाऱ्या माणसाला ती जरा जास्तच वाटणार.

पहिली, नाव कोणी ठेवायचं? १९२८ च्या जुलैमध्ये जमनालाल बजाजांनी वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुलं केलं. १९३३ च्या नोव्हेंबरात गांधीजींचा हरिजन दौरा इथूनच निघाला. माझ्या वडिलांच्या तोंडी 'हरिजन' हा शब्द फार आदराने यायचा. पण ज्यांच्यासाठी तो होता, त्यांच्यातल्या पुष्कळांना तो नको होता. १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात कायद्यात तो शब्द घालायचं चाललं, तेव्हा बाबासाहेब आणि त्यांच्या पक्षाचे सभासद विरोध करून बाहेर पडले. अखेर १९८२ मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं की जातीच्या दाखल्यावर हा शब्द लिहू नका. हेतू चांगला असूनही शब्द टिकला नाही, कारण ज्यांच्या कपाळी तो चिकटवायचा त्यांना विचारलं नव्हतं. अलीकडचं उदाहरण घ्या. २०२३ च्या एप्रिलमध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवांसाठी 'गंगा भागीरथी' लिहावं असा प्रस्ताव मागवला. मी स्वतः त्या रकान्यातली आहे, मला काही कोणी विचारलं नाही! मोठी टीका झाली आणि निर्णय झाला नाही, ते बरंच झालं. त्याच्या आदल्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. त्यांनी शब्दाला हात लावला नाही, वागणूक बदलायला घेतली. दोन्हींतलं मला काय पटलं असेल ते सांगायला नकोच.

दुसरी काळजी, जुन्या नावापासून नव्यापर्यंतची वाट मोडू नये. आमच्या जवळच्या सेगावचं सेवाग्राम झालं ते १९४० मध्ये, आणि कारण अगदी साधं होतं, बापूंची पत्रं बुलढाण्याच्या शेगावला जायची. नाव बदलल्यावर टपाल नीट यायला लागलं. पण प्रत्येक नावबदलात असं होत नाही. पाटी एका दिवसात बदलते. मतदारयादी, रेशनकार्ड, आधार, घराचा कर भरल्याची पावती, या सगळ्यांत नाव एकदम बदलत नाही, आणि दोन कागदांवर दोन पत्ते दिसले की खिडकीपाशी उभा असलेला माणूस अडतो. अडतो तो नेहमी गरीबच. म्हणून ग्रामपंचायतीत एक साधा तक्ता हवा. जुनं नाव अमुक, नवं नाव तमुक, ठराव अमक्या तारखेचा. मागेल त्याला त्याची नक्कल. मोठा खर्च नाही, फक्त कोणीतरी बसून लिहायला हवं.

भाचा सांगत होता की नेटवर्कमॅनेजर नावाच्या प्रोग्रॅमने हेच केलंय. अलीकडच्या आवृत्त्यांत तो 'कंट्रोलर' आणि 'पोर्ट' असे शब्द वापरतो, पण जुन्या शब्दाने हाक मारली तरी ओळखतो. मला हे फार आवडलं. नवीन लिहिताना नवं, आणि जुनं कोणी घेऊन आलं तर त्याला दारातून परत पाठवायचं नाही.

कोणी म्हणेल, शब्द बदलून काय होतं? वागणूक बदलायला हवी. मीही तरुणपणी हेच म्हणायची. वागणूक बदलायला हवीच, हेरवाडचं कौतुक मी उगाच केलं नाही. पण माझ्या वर्गात वागणूक चांगली होती हो! मी कोणाला वेगळं बसवलं नाही, पाणी वेगळं ठेवलं नाही. तरीही एका शब्दाने एक हात वर आला नाही. वागणुकीच्या नावाखाली शब्दाला सूट देऊ नये, एवढं मी त्या मुलाकडून शिकले.

असो. शेवटी भाच्याला काय लिहून दिलं ते सांगते. बाँडला 'जोड'. आणि त्यात सामील झालेल्या प्रत्येक कार्डाला 'जोडकार्ड'. 'जोडकार्ड निकामी झालं तरी जोड चालू राहते.' वाक्य वाचून बघा, कोणाला बोचतं का? आणि यंत्र नेमकं काय करतं तेही कळतं. हे शब्द त्याने आधी त्या मुलांना वाचून दाखवायचे, त्यांना पटले तरच ठेवायचे, ही माझी अट. धड्याच्या पहिल्याच पानावर एक छोटा तक्ता द्यायचा. डाव्या बाजूला जुना इंग्रजी शब्द, उजवीकडे आपला. आणि खाली एक ओळ, की आज्ञा टाइप करताना आणि ती फाइल वाचताना जुना शब्द जसाच्या तसा लागेल, तो तिथे का उरला आहे ते शिक्षकाला विचारा.

ती शेवटची ओळ भाचा काढणार होता. म्हणाला, पसारा वाढतो. मी काढू दिली नाही. मुलं विचारतील तेव्हा त्याला सांगावं लागेल, आणि सांगायला हवं.

परवा तो माझा जुना विद्यार्थी पेढे घेऊन आला होता. पोरीला प्रमाणपत्र वेळेत मिळालं होतं आणि तिचं पहिलं वर्ष पारही पडलं. मी धीर करून गणवेशाची गोष्ट काढली. म्हटलं, तेव्हा मी चुकले रे. तो हसला, म्हणाला, "बाई, तुमच्या ध्यानात हाय?" पुढे आम्ही दोघंही काही बोललो नाही. मी चहा टाकला.

तुमच्या गावात २०२० नंतर वस्त्यांची नावं बदलली का? नवं नाव कोणी सुचवलं, आणि जुन्या कागदांचं काय झालं? माहीत असेल तर जरूर लिहा. आणि घरातली कॉम्प्युटरवाली पोरं असतील त्यांना 'जोडकार्ड' कसं वाटतं तेही विचारा. याहून बरा शब्द सापडला तर मी आनंदाने वहीत लिहून घेईन.